नेमधर्म

माणसाच्या आयुष्यातल्या बहुतेक पहिल्या वस्तू दुसऱ्यानेच निवडलेल्या असतात. पहिलं अंगडं आजी निवडते, पहिली पाटी वडील निवडतात, पहिला न्हावी गल्ली निवडते आणि पहिली नोकरी तर आपल्यालाच निवडते. या निवडींमागे फारसं तत्त्वज्ञान नसतं. पाटी फुटली तर दुसरी आणता येते, न्हाव्याने घोटाळा केला तर केस पुन्हा वाढतात. पण एक वस्तू अशी आहे, की ती मुलाच्या हातात पहिल्यांदा देताना बापाला महाभारत, कायद्याचं पुस्तक आणि शेजाऱ्याच्या खिडकीची काच या तिन्हींचा एकदम विचार करावा लागतो. ती वस्तू म्हणजे बंदूक.

मराठी मध्यमवर्गाला हा प्रश्न सहसा पडत नाही, हे मला मान्य आहे. आपल्याकडे मुलाच्या हाती बंदूक येते ती वसुबारसेला, आणि भाऊबीजेपर्यंत तिचा घोडा तुटलेला असतो. पण माझी सासुरवाडी पडली चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात. (मूल हे गावाचंच नाव आहे. त्यामुळे पुढे कुठे ‘मूलचं मूल’ असं आलं तर ती छपाईची चूक समजू नये.) तिकडे धानाच्या बांधीला लागून जंगल आहे, जंगलात वाघ आहे, आणि वाघ नसेल तेव्हा रानडुकरं आहेत. वाघ निदान कधी कधी सुटी घेतो. रानडुकरं घेत नाहीत.

सासऱ्यांच्या वेळची एक दुनळी त्या घरात आहे. पीक-संरक्षणाचा परवाना आता मेहुण्यांच्या नावावर आहे. बंदूक जेवढी शेतात गेली नसेल तेवढी पोलीस ठाण्यात गेली आहे. कारण निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद... आमच्या घरात लोकशाहीचा इतका अनुभव दुसऱ्या कुणालाच नाही.

तर एके दिवशी मेहुण्यांचा फोन आला. “भाऊजी, पोरगा बारा वर्साचा झाला. त्याले बंदूक शिकवाची हाये. पयली कोनती द्यावं, तेवढं सांगा.”

मी बी.कॉम. आहे. आम्हाला पुस्तपालन शिकवलं होतं, नेमबाजी नाही. पण मेहुण्यांचा हिशेब असा, की भाऊजी बँकेत आहेत, बँकेच्या दारात बंदूकवाला बसतो, म्हणजे भाऊजींचं आणि बंदुकीचं रोजचं येणं-जाणं. या न्यायाने बँकेत काम करणाऱ्याकडे पैसेही असायला हवेत. पण तो विषय वेगळा.

मी रीतसर चौकशी सुरू केली. मधल्या सुटीत आमच्या शाखेत या प्रश्नावर जेवढी मतं गोळा झाली, तेवढ्या ठेवी मार्चअखेरीला झाल्या असत्या तर साहेब खूश झाले असते.

पहिलं मत पडलं टिकल्यांच्या पिस्तुलाला. स्वस्त, सुटसुटीत आणि परवाना नको. मलाही ते पटलं होतं. पण दारातले आमचे हवालदारसाहेब, फौजेतून निवृत्त झालेला माणूस, डबा बंद करत म्हणाले, “सगळ्यांत वाईट बंदूक तीच.” मी कारण विचारलं. ते म्हणाले, “दुसरी कोणतीही बंदूक माणसावर धरली तर पोराच्या कानाखाली बसते. ही धरली तर घरचे हसतात.” मी विचार करू लागलो आणि मला आमच्या घरची दिवाळी आठवली. पोरगं आजीवर पिस्तूल रोखतं. फटकन आवाज होतो. आजी “मेले रे बाबा” म्हणते आणि लगेच उठून चकल्या तळायला घेते. मेलेलं माणूस उठून चकल्या तळतं, हा पहिला धडा. एखाद्या शस्त्राबद्दल याहून चुकीची माहिती इतक्या गोड रीतीने दुसरीकडे कुठेही मिळत नसेल.

दुसरं मत गलोलीला. कुणी तिला बेचकी म्हणतं, आमच्याकडे गुलेर म्हणतात. दारूगोळा रस्त्यावर फुकट पडलेला असतो, हा तिचा मोठा गुण. चिंचेवर धरलेला नेम कौलावर लागतो, हा दोष. तिसरं मत जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीला. तिच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. तिची नळी मुळातच किंचित वाकडी असल्यामुळे सरळ नेम धरणाऱ्याचा फुगा कधी फुटत नाही आणि भलतीकडे बघणाऱ्याला कंगवा मिळतो. नोकरीला लागण्यापूर्वी प्रत्येक तरुणाने ती एकदा चालवून पाहावी.

राहिली छर्ऱ्याची बंदूक. ‘एअरगन’ म्हटलं की तिची किंमत थोडी वाढते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ठरावीक ताकदीपर्यंतच्या साध्या एअरगनला परवान्यातून मोकळं ठेवलं आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हीच मुलाची पहिली बंदूक व्हायला हवी. पण ज्याला परवाना लागत नाही त्याला विचारही लागत नाही, अशी आपल्या लोकांची एक समजूत असते. लग्न हे याचं ठळक उदाहरण.

या छर्ऱ्याच्या बंदुकीचा आपल्या राज्यात एक मोठा इतिहास आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईत खेतवाडीत राहणाऱ्या एका मुलाने खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. जवळ जाऊन बघतो, तर चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कसली चिमणी? त्याने मामांना विचारलं. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते, पण त्यांनाही सांगता येईना. आता तुमच्या-माझ्या घरात काय झालं असतं? “चिमणी आहे, दिसत नाही का? जा, हात धू,” असं उत्तर मिळालं असतं. या मामांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पक्षी ओळखला आणि भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण त्या पोरापुढे उघडले. तो पोरगा म्हणजे डॉक्टर सलीम अली. १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातसुद्धा ती पडलेली चिमणी आहे.

त्या काळी मुंबईत एअरगन असलेली आणखीही मुलं असतील आणि त्यांनीही चिमण्या पाडल्या असतील. फरक बंदुकीत नव्हता. एका पोराने बार काढल्यावर प्रश्न विचारला आणि मागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला, एवढाच फरक. छर्ऱ्याचं काम क्षणात संपलं. प्रश्नाचं काम पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं चाललं.

दुसरी साक्ष जिम कॉर्बेटची. नरभक्षक वाघांच्या या शिकाऱ्याची पहिली बंदूक एखादी चकचकीत विलायती रायफल असेल असं मला वाटत होतं. त्यांनी लिहून ठेवलंय ते वेगळंच. आधी गलोल. मग तोंडाकडून दारू ठासायची एक जुनी बंदूक, तिची एक नळी फाटलेली आणि दस्ता तारेने बांधलेला. म्हणजे दुनळी, पण कामाची नळी एकच. दारू ठासायला वेळ लागणार आणि एक बार फुकट गेला तर पुन्हा सगळा खटाटोप. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मला यात मोठं तथ्य दिसतं. भांडवल कमी असलं की माणूस खर्च करण्यापूर्वी विचार करतो. पगाराच्या दिवशी कुणीही उदार असतो. खरा विचारवंत सव्वीस तारखेला ओळखावा. मुलाला बंदूक द्यायचीच असेल तर ती त्याच्या आयुष्यातली सव्वीस तारीख असावी.

हे सगळं मी मेहुण्यांना कळवलं. ते म्हणाले, “थे ठीक हाये भाऊजी. पन चिमनी माराची नाही ना आपल्याले. डुकराचं सांगा.”

इथे प्रश्न गंभीर झाला. सलीम अलींच्या काळी पोराने चिमणी मारली तर तो प्रश्न घरातला होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून रानातल्या जिवाला हात लावायचा तर तो सरकारचा प्रश्न आहे. रानडुकराने धानाची बांधी नांगरल्यासारखी करून ठेवली, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय शेतकऱ्याला त्याला मारता येत नाही. त्यामुळे सासऱ्यांची दुनळी हवेत बार काढण्यापुरती उरली. पण मी हिशेबाचा माणूस. मला असं दिसलं, की दरवर्षी नुकसान वाढत गेलं तशी मेहुण्यांची ‘हवा’ खाली खाली येत गेली. आधी ते झाडाच्या शेंड्याच्या वर बार काढत. मग शेंड्याला. गेल्या वर्षी फांदीपर्यंत आले होते. आणि आता त्या फांदीखाली त्यांना मुलाला उभं करायचं होतं.

आमच्या या जंगलात भूक आणि हौस यांचा हिशेब वेगवेगळ्या खात्यांत लिहावा लागतो. भामरागडजवळ हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथली एक गोष्ट डॉक्टर प्रकाश आमट्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. शिकारीहून परतणाऱ्या माडिया लोकांनी एक माकडीण मारली होती आणि तिचं जिवंत पिल्लू मेलेल्या आईला बिलगून होतं. आमट्यांनी त्यांना ‘हे पाप आहे’ असं व्याख्यान दिलं नाही. ते लोक उपाशी होते, आणि उपाशी माणसाला व्याख्यान देणं ही हौस झाली. त्यांनी धान्य देऊन पिल्लू मागून घेतलं. तिथलं प्राण्यांचं अनाथालय असं सुरू झालं. भुकेपुढे ज्याच्याकडे भात नाही, त्याने धर्म सांगू नये. मेहुण्यांच्या बाबतीतही मला हेच वाटत होतं. रात्रभर जागून ज्याचं पीक जातं, त्याला अहिंसा शिकवायची तर निदान कुंपणाचा खर्च तरी द्यावा. आणि कारकुनाकडे अहिंसा मुबलक असली तरी कुंपणाचे पैसे नसतात.

शेवटी मी पुन्हा हवालदारसाहेबांकडे गेलो. त्यांची बारा बोरची दुनळी मी रोज बघतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. बंदूक हातात घेतली की ते आधी ती मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार बघतात. पाच मिनिटांपूर्वी स्वतःच बघितलेलं असलं तरी पुन्हा बघतात. मी म्हटलं, “साहेब, रिकामीच तर आहे.” ते म्हणाले, “बंदूक रिकामी कधी नसते. माणसाला तसं वाटतं, एवढंच.” नोकरीतल्या एवढ्या वर्षांत त्यांनी बँकेत एकही बार काढलेला नाही. बाकी आम्ही सगळे काय काय केलं यावर बढती मागतो. काही न घडू दिल्याबद्दल पगार घेणारा आमच्या शाखेत हा एकटाच माणूस.

आणि त्यांच्या मागची तिजोरीची खोली बघताना मला एकदम उत्तर सापडलं. आमची तिजोरी एका चावीने उघडत नाही. दोन चाव्या, दोन माणसांच्या खिशात. एकाला पोटदुखी झाली तर दुसऱ्याने कितीही प्रामाणिकपणे चावी फिरवली तरी दार हलत नाही. यात कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका नसते. पैसा ही वस्तूच अशी आहे, की तिच्याजवळ एकट्या माणसाला सोडू नये. कायदाही बंदुकीबद्दल हेच म्हणतो. २१ वर्षांखालच्याला बंदूक बाळगता येत नाही. शिकण्यापुरती, ठरवून दिलेल्या वयानंतर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली चालवता येते. म्हणजे एक चावी मुलाच्या बोटात आणि दुसरी मागे उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत. पहिली बंदूक कोणती, हा प्रश्न दुय्यम आहे. दुसरी चावी कुणाकडे, हे आधी ठरायला हवं.

या बाबतीत द्रोणाचार्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. पोपटाच्या डोळ्याची ती परीक्षा आपण सगळे शाळेत शिकलो. युधिष्ठिर म्हणाला, मला झाड दिसतं, पक्षी दिसतो, भाऊ दिसतात, तुम्हीही दिसता. नापास. अर्जुन म्हणाला, मला फक्त डोळा दिसतो. पहिला वर्ग. लाकडी पोपटापुरतं हे ठीक आहे. पण मूल तालुक्यात, रात्री, बांधीवर मुलाच्या हातात बंदूक द्यायची असेल तर मी युधिष्ठिराला देईन. ज्याला डुकरामागचं झाड दिसतं, झाडामागचा बांध दिसतो आणि बांधावरचा माणूसही दिसतो, तो गोळी झाडायला योग्य. ज्याला फक्त डोळा दिसतो त्याच्यापासून दूर बसावं. रानडुक्कर समजून माणसावर बार काढल्याच्या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. त्या चार ओळींतल्या शिकाऱ्याचा नेम चांगलाच असतो. नेम चुकला असता तर बातमी आली नसती.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलेलं दिसतं. बंदुकीचा धरतो तोही नेम आणि एकादशीचा पाळतो तोही नेमच. नेमबाज आणि नेमस्त हे एकाच घरातले दोन भाऊ. थोरला घर सोडून गेला की धाकटा फार आवाज करतो.

चांगली बंदूक कशी असावी याचा नमुना आमच्या वनखात्याकडे आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात, अनेक माणसांचा बळी घेतलेला सीटी-१ हा वाघ गडचिरोली जिल्ह्यात वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडला. त्या बंदुकीतून औषधाची सुई सुटते. आधी वाघाच्या वजनाचा अंदाज घेऊन औषध मोजतात, मग नेम धरतात आणि नेम लागल्यावर त्याचा श्वास नीट चाललाय ना हे बघायला धावतात. ज्याच्यावर बार काढला त्याच्या तब्येतीची चौकशी करणारी दुसरी बंदूक मी ऐकली नाही. दुसरा नमुना कागदाच्या लक्ष्याचा. दहा मीटरच्या एअर रायफलला मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आमच्या व्हाउचरवरच्या दशांश चिन्हाएवढा. त्याहून लांबच्या, पन्नास मीटरच्या स्पर्धेत २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हे कळल्यावर आमच्या शाखेतल्या सर्व कारकुनांच्या छात्या फुगल्या. बारीक टिंबावर नजर ठेवून दिवस काढण्याचं आमच्या जातीचं कौशल्य शेवटी जगाने मान्य केलं.

पण कागद आणि वाघ दोन्ही बारा वर्षांच्या मुलासाठी अजून लांब होते. म्हणून मी मेहुण्यांना माझा निकाल कळवला. “पोराला पहिली बंदूक म्हणून टॉर्च द्या.”

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मी समजावलं. टॉर्चही रोखावी लागते, तिलाही नेम लागतो. फक्त नेम लागलेली वस्तू मरत नाही, जास्त स्पष्ट दिसते. यंदाचा हंगामभर पोराला जागलीवर न्या. बंदूक तुमच्याकडे, टॉर्च त्याच्याकडे. अंधारात डोळे चमकले की त्याने सांगायचं, कुणाचे आहेत. चितळाचे, सशाचे, गावच्या कुत्र्याचे. आणि मुख्य म्हणजे, त्यांच्या मागे काय आहे. हे शंभर वेळा बरोबर आलं की एअरगन आणि पुठ्ठा. पुढचं तो एकवीस वर्षांचा झाला की त्याचं तो बघेल.

मनात मात्र एक शंका होती. मोठं झाल्यावर दोन्ही चाव्या एकाच खिशात येतात, त्याचं काय? मागे उभा राहणारा बाप जन्मभर पुरत नाही. यावर महाभारतातच उत्तर आहे आणि ते आमच्यासारख्या जंगलातल्या पोरानेच दिलंय. एकलव्याला गुरूने दारातून परत पाठवलं. त्याने रानात मातीचा गुरू घडवला आणि त्याच्यासमोर बाण सोडू लागला. आपण त्याची जिद्द वाखाणतो. मला त्याची सावधगिरी मोठी वाटते. एवढं सामर्थ्य हातात येतंय आणि बघणारं कुणी नाही, हे त्याला सोसवलं नसावं. त्याने दुसरी चावी मातीची घडवली. शस्त्र हातात असलेल्या प्रत्येकाने असा एक मातीचा माणूस मनात उभा करावा, आणि बार काढण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा बघावं.

दिवाळीनंतर मेहुण्यांचा फोन आला. धान कापणीला आलं होतं. रात्री बांधीत डुकरांचा कळप शिरला. मेहुण्यांनी दुनळी उचलली आणि ती या वर्षी फांदीच्याही खाली आली. पोरगा टॉर्च मारून होता. तो म्हणाला, “बाबा, थांबा. डुकराच्या मांगं काय हाये, दिसून नाही राह्यलं.” टॉर्च जरा वर गेली. पलीकडच्या बांधावर शेजारचा म्हातारा बसला होता. शेतीची वीज रात्रीची, म्हणून तो मोटर सुरू करायला आला होता आणि डुकरांची चाहूल लागल्यावर खाली बसून राहिला होता.

बार निघाला नाही. डुकरं गेली, जाताना धान तुडवून गेली. म्हातारा मोटर सुरू करून घरी गेला. त्याला अजून काही माहीत नाही. दुसरी चावी बापाच्या खिशातून पोराच्या खिशात कधी गेली, हे त्या दोघांनाही कळलं नसावं.

हे सगळं सांगताना मेहुण्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. थोडं थांबून त्यांनी विचारलं, “मंग भाऊजी, आता कोनती घ्यावं?”

मी म्हटलं, “आधी ती टॉर्च चार्जिंगला लावा.”